ऑब्सीक्वियस वाकडे

वाकडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते ऑफिसात कुणाच्या तोंडी नव्हतं. कुणीही समोर आलं की हा गृहस्थ कमरेत वाकायचा, म्हणून कोणीतरी कधीतरी त्यांचं वाकडे करून टाकलं आणि ते चिकटलं. पुढे तर बाहेरगावच्या एजंटांची पत्रंही 'मिस्टर वाकडे' म्हणून येऊ लागली. मी एकदा म्हटलं, "नाना, त्यांना खरं नाव कळवून टाकू या का?" तर म्हणाले, "कशाला? बिचाऱ्यांनी आठवणीने लिहिलंय. उगाच वाईट वाटेल त्यांना."

हा माणूस आठवला की मला आजही थकवा येतो. माया वाटते, रागही येतो, पण सगळ्यांच्या आधी थकवा. त्यांच्याबरोबर रस्त्याने चालून बघायला हवं होतं. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ते वाट देणार, हातगाडीवाल्याला देणार, गायीला देणार. दिव्याच्या खांबाला कोपर लागलं तर "माफ करा" म्हणणार. ट्रामच्या थांब्यावर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत सगळ्यांना चढवणार, आणि ट्राम निघून गेली की माझ्याकडे वळून म्हणणार, "गर्दी होती हो, त्यांना घाई असेल." घाई आम्हालाही असायची. पण ते त्यांना सांगून उपयोग नव्हता, कारण लगेच ते माझी माफी मागायला लागत आणि त्यात दुसरी ट्राम जाई.

फोर्टमध्ये आमची कंपनी होती. विलायतेहून मशिनांचे सुटे भाग आणायचे आणि इथल्या गिरण्यांना विकायचे, असा धंदा. साहेब गोरा. स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं होत आली होती, तरी काही गोरे साहेब राहिले होते, त्यांतला एक. वाकडे हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट. मी वरळीच्या बीडीडी चाळीतून यायचो. मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि टायपिंगचा सराव, एवढंच भांडवल. वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन फार दिवस झाले नव्हते. भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी उतरल्या होत्या, त्यांच्या जागा अजून पांढऱ्या दिसत होत्या. नोकरीला जाताना वडील एवढंच म्हणाले होते, "काम झटून कर. पर कुनापुढं वाकायचं न्हाय. ते आपुन मागं ठिवून आलोय."

आणि पहिल्याच दिवशी हे वाकडे. मी कागद घेऊन टेबलाशी गेलो तर खुर्ची मागे सारून उठून उभे राहिले, मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी कागद घेतला. माझ्यासाठी असं कुणी उठलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, गिरगावातला हा पांढरपेशा माझी टर उडवतोय. माझे कान गरम झाले. पण थोड्या वेळाने शिपाई पाणी घेऊन आला, तर त्याच्यासाठी उठले. झाडूवाली बाई आली, तर नुसते पाय वर धरायच्या ऐवजी उठून खुर्चीच उचलून बाजूला झाले. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हा माणूस कुणाचा मान ठेवायचा म्हणून उठत नाही. त्याला बसवतच नाही.

सरकारी कचेऱ्यांना जाणाऱ्या पत्रांखाली तेव्हा 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' असं लिहायची पद्धत होती. कस्टमला जाणारं पहिलं पत्र टाईप करताना माझी बोटं तिथे अडली. मी जाऊन विचारलं, "नाना, हे लिहायलाच पाहिजे का? आपण काय त्यांचे नोकर आहोत?" ते उठून उभे राहिले (उठणं आलंच) आणि हळूच म्हणाले, "ते वाक्य नाही हो, पायपुसणं आहे. दारात असतं. येणारा पाय पुसतो, वाचत कोणी नाही. तुम्ही निर्धास्तपणे टाईप करा."

वयाने माझ्या बापाएवढा माणूस मला शेवटपर्यंत अहो-जाहो करत राहिला.

त्यांचा एकच शौक, शब्द. ड्रॉवरमध्ये एक जुनापुराणा इंग्रजी कोश होता, पुठ्ठे गेलेले, वर खाकी कागदाचं वेष्टन. दुपारी डबा खाऊन झाला की ते तो काढत आणि एक शब्द उघडत. 'उघडत' हा त्यांचाच शब्द. ऐकायला आम्ही दोघंतिघं असायचो. त्यांत डिस्पॅचचा परब मुख्य. परब लालबागचा, गाव मालवणकडचं, आवाज तीन मजले ऐकू जाईल असा. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेला जायचा आणि दुसऱ्या दिवशी घसा बसवून यायचा.

एकदा काय झालं, साहेबाच्या हातून पेन्सिल पडली. साहेब उचलायला वाकला, त्याच्या आधी उचलावी म्हणून वाकडे झेपावले आणि दोघांची डोकी दणकन आपटली. साहेब कपाळ चोळत म्हणाला, "फॉर गॉड्स सेक, डोन्ट बी सो ऑब्सीक्वियस." केबिनचं दार अर्ध्या उंचीचं, झुलतं. वर मोकळं, खाली मोकळं. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं. वाकडे बाहेर आले ते कपाळावर टेंगूळ घेऊन आणि डोळ्यांत चमक घेऊन. डब्याच्या वेळी परबाने विचारलं, "काय ओ नाना, काय म्हणाला साहेब तुम्हाला?" दुसरा कोणी असता तर विषय बदलला असता. ह्यांनी कोश काढला.

"ऑब्सीक्वियस," ते म्हणाले. "शब्द लॅटिन. 'ऑब' म्हणजे कडे, समोर. 'सेक्वी' म्हणजे मागे जाणं. सीक्वेन्स त्यातलाच, कॉन्सिक्वेन्स त्यातलाच. म्हणजे जो दुसऱ्याच्या मर्जीमागून जातो तो. आणि गंमत बघा, मुळात हा चांगला शब्द होता. आज्ञाधारक, लीन, एवढाच अर्थ. जुन्या काळी इंग्रजीत चांगल्या मुलाला, चांगल्या बायकोला म्हणत असत. मग लोकांनी वापरून वापरून बिघडवला. आता अर्थ असा की गरज नसताना लीन."

"म्हंजे लाळघोट्या," परब म्हणाला.

"छे छे," नाना म्हणाले. त्यांना खरंच पटलं नव्हतं. "आपले शब्द बघा परब, सगळे ओले. लाळ घोटणं, थुंकी झेलणं, लोणी लावणं, तुमचा तो मस्का. इंग्रजी शब्द कोरडा आहे. त्यात नुसतं चालणं आहे." मग जरा विचार करून म्हणाले, "आणखी एक. आपल्याकडे असा माणूस पुढेपुढे करतो. त्यांच्याकडे तो मागेमागे जातो. म्हणजे माणूस एकच, पण साहेबाच्या कुठल्या बाजूला उभा आहे यावर दोन भाषांचं जमत नाही."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केला नव्हता. स्वतःला मिळालेली शिवी त्यांनी अशी हातावर घेऊन उलटीपालटी करून पाहिली, जणू ती रस्त्यात सापडली होती आणि मालक दुसराच कोणीतरी होता. मला ते बघवेना. मी म्हटलं, "नाना, तो तुम्हाला बोलला. तुम्हाला काहीच वाटत नाही?" ते म्हणाले, "वाटतं ना. साहेबांचं इंग्रजी चांगलं आहे. दुसरा कुठलाही शब्द तिथे बसला नसता."

पुढे महाराष्ट्र झाला. वर्तमानपत्रांत सगळीकडे 'सचिव', 'उपसचिव' असे शब्द दिसू लागले. त्या दिवसांत मला ते गिरगावात भररस्त्यात भेटले. मी कंपनीच्या कामाला आलो होतो. त्यांनी मला एका दुकानाच्या फळीशी ओढलं, दुकानदाराची माफी मागितली आणि म्हणाले, "सापडलं हो. आपल्या संस्कृतात 'सच्' धातू आहे. बरोबर असणं, मागोमाग असणं. लॅटिन 'सेक्वी' आणि हा 'सच्' सख्खे भाऊ. त्यावरूनच सचिव. म्हणजे बघा, सचिव आणि ऑब्सीक्वियस एकाच घरातले." मी म्हटलं, "हे परबाला सांगू नका, तो सचिवालयावर मोर्चा नेईल." ते हसले. भरदुपारी, ऑफिसच्या वेळी, हा माणूस हातात पिशवी घेऊन शब्द शोधत गिरगावात फिरत होता. कारण तोवर त्यांची नोकरी गेली होती. ती का गेली, ते सांगायला पाहिजे.

त्यांचं वय भरत आलं होतं. कंपनीत अशा माणसाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळायची, ती साहेबाच्या हातात. वाकड्यांना ती मिळणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्यांनाही ती हवीच होती. गिरगावातल्या एका वाडीत ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण, दोघंच राहत. मिळकत एकच. मी एकदा घरी गेलो होतो तेव्हा अक्का, म्हणजे त्यांची बहीण, माझ्यादेखत कडाडली होती, "सकाळी नळावर उभा राहतो आणि सगळ्या चाळीला म्हणतो, आधी तुम्ही. पाणी जातं, हा रिकामी बादली घेऊन येतो. याची नोकरी आहे म्हणून चाललंय. उद्या घरी बसला तर दोघं तहानेने मरू." नाना बाजूला उभे राहून मान डोलावत होते. आणि एकदा मला हळूच म्हणाले होते, "पैशाचं तर आहेच. पण घरी मला काम कोण सांगणार हो? मला स्वतःहून काही सुचत नाही."

मग तो हरताळाचा दिवस आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळी मुंबई बंद. ट्राम बंद, गिरण्या बंद, गोदी बंद. आम्ही ऑफिसातले सहा जण कामावर न जाता मोर्चात गेलो. परब सगळ्यांत पुढे, मी आपला मधे. वाकडे मात्र गिरगावातून चालत ऑफिसला निघालेले. वाटेत आमचा मोर्चा आडवा आला तर फुटपाथवर टोपी हातात घेऊन उभे. परबाने ओरडून विचारलं, "येताय काय नाना?" तर म्हणाले, "नाही, तुम्ही व्हा पुढे." हजारो माणसं गेली, शेवटची बाई गेली, तोवर हा गृहस्थ वाट देत उभा होता.

दुसऱ्या दिवशी साहेबाने निरोप पाठवला. न आलेल्या सहाही जणांनी उद्या एकेकाने केबिनमध्ये यायचं, 'सॉरी सर, पुन्हा असं होणार नाही' म्हणायचं. जो म्हणणार नाही त्याने आजपर्यंतचा हिशेब घेऊन घरी जायचं.

परब म्हणाला, "मी नाय जाणार." बाकीच्यांनी कामात डोकं घातलं. मी अजून कायम झालो नव्हतो. त्या महिन्यात वडिलांना खोकल्याने गिरणीत जाता येत नव्हतं आणि घर माझ्यावर होतं. डब्याच्या वेळी नाना समोर होते. मी म्हटलं, "मी सॉरी म्हणणार नाही. नोकरी गेली तर गेली." ते म्हणाले, "का हो? दोन शब्द तर आहेत." मी त्यांना वडील काय म्हणाले होते ते सांगितलं. ते मागं ठेवून आलोय, हेसुद्धा सांगितलं. नाना खूप वेळ डब्याचं झाकण पुसत राहिले. मग म्हणाले, "असं आहे होय."

रात्री घरी मी वडिलांना काही बोललो नाही. ते खोकत होते. मी माझ्या मनाशी ठरवलं होतं आणि तरी मला भीती वाटत होती, हे कबूल करायला हरकत नाही.

सकाळी साहेब आला, आणि आमच्यातला कोणी उठायच्या आत वाकडे केबिनमध्ये गेले. माझं टेबल दाराला लागून. दारावरून त्यांचं डोकं दिसत होतं. ते म्हणाले, "ऑन बिहाफ ऑफ मिस्टर परब, आय ॲम सॉरी सर. इट विल नॉट हॅपन अगेन." आणि त्यांचं डोकं दाराखाली गेलं आणि वर आलं. मग दुसऱ्याचं नाव घेतलं. पुन्हा डोकं खाली, पुन्हा वर. अशी पाच नावं झाली. साहेब म्हणाला, "आणि तो टायपिस्ट?"

मी जागेवर उभा राहिलो. माझ्या नावाने कोणी वाकणार असेल तर मी आत जाऊन त्याला थांबवणार होतो.

"तो गैरहजर नव्हता सर," नाना म्हणाले. "त्याला मी डॉकवर पाठवलं होतं. कामासाठी."

या वेळी डोकं खाली गेलं नाही. दारावर तसंच राहिलं, सरळ. बंदच्या दिवशी डॉकमध्ये चिटपाखरू नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. जो जन्मात खोटं बोलला नाही त्याने खोटं तरी धड बोलावं कसं? साहेब शेवटी म्हणाला, "व्हेरी वेल. कामाला लागा म्हणावं सगळ्यांना."

बाहेर येताच परब उसळला. रागावला की त्याच्या तोंडून गावची बोली निघे. "माझ्या नावान माफी मागूक तुमका कोणी सांगितल्यान?"

"चुकलं," नाना म्हणाले. "तुमची चार मुलं डोळ्यांपुढे आली. माफ करा, परब."

"परत माफ करा!" परबाने हात जोडले. मग तो बरेच दिवस त्यांच्याशी बोलला नाही. त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण पगाराच्या दिवशी रांगेत आम्ही सगळेच होतो, परबही होता.

मी नानांना गाठून विचारलं, "पाच जणांसाठी वाकलात, मग माझ्या वेळी खोटं का बोललात?" ते माझ्याकडे बघतच राहिले, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. "अहो, तुमच्या घरात चालत नाही ना," ते म्हणाले. जसं कुणाच्या घरात कांदा चालत नाही म्हणावं, तसं.

मुदतवाढीची वेळ आली तेव्हा साहेबाने त्यांना बोलावून शांतपणे सांगितलं की ज्याच्या शब्दावर मी सही करतो तो खोटं बोलला, आता मला तो नको. मुलगा राहू दे, त्याचं काम चांगलं आहे. हे आम्हाला नानांनीच येऊन सांगितलं, आणि वर म्हणाले, "साहेबांचं बरोबर आहे." त्या क्षणी मला त्यांना खांद्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवणाऱ्यालाही हा माणूस बरोबर आहे म्हणणार. मी कायम झालो आणि ते घरी बसले. एवढा हिशेब मला नीट कळत होता, आणि तो घेऊन मला सुखाने जेवताही येत नव्हतं.

शेवटी मी वडिलांना सगळं सांगितलं. केबिन, दार, पाच नावं, सहावं नाव, मुदतवाढ. त्यांनी विडी विझवली. मग म्हणाले, "रविवारी जेवाया बोलाव त्यांला."

"ते गिरगावातले," मी म्हटलं. "आपल्याकडे येतील का जेवायला?"

"बोलाव तर."

ते आले. काळा कोट, धुतलेलं धोतर, टोपी. बसमधून उतरून आमच्या इमारतीपर्यंत आणि मग जिन्यावरून वर यायला त्यांना एवढा वेळ लागला की आईने भात पुन्हा गरम करायला ठेवला. जिन्यावर पाण्याच्या कळश्या घेतलेल्या बाया होत्या, खेळणारी पोरं होती, कुत्रं होतं. प्रत्येकाला आधी जाऊ दिलं. चाळीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. आमच्या खोलीत आले आणि वडिलांना बघून कमरेत वाकले. वडील हात जोडून ताठ उभे. मी सतरंजीकडे हात केला. नाना म्हणाले, "आधी तुम्ही." वडील म्हणाले, "तुमी पाव्हणं, आधी तुमी." मग दोघंही उभेच. एकाला आधी बसता येत नव्हतं आणि दुसऱ्याला पाहुण्याआधी बसायचं नव्हतं. असा किती वेळ गेला असता कोण जाणे. आई चुलीजवळून म्हणाली, "एक दोन तीन म्हना आनी बसा बया एकदाचं." दोघं एकदम बसले.

वडिलांनी सरळ विषय काढला. "तुमी माझ्या पोरासाठी लई केलंत. तुमची नोकरी गेली."

"नाही हो, तसं काही नाही," नाना म्हणाले. "बाकीच्यांसाठी वाकलो, ते माझ्या सवयीचं. ह्यांच्या वेळी सरळ उभा राहिलो होतो. सवय नाही ना. पाठ फार दुखली त्या दिवशी." हे त्यांनी तक्रार सांगावी तसं सांगितलं.

आई पातेलं घेऊन वाढायला पुढे आली. तिला बघताच नाना सवयीने हात टेकून उठू लागले. वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा," ते म्हणाले. "आमच्या घरात आता कुनी कुनासाठी उठत न्हाय."

नाना अर्धे उठलेले तसेच थांबले. एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा आईकडे. मग खाली बसले. आईने त्यांच्या ताटात भात वाढला, त्यावर वरण ओतलं, आणि बाकी कुणी घास घ्यायच्या आत, कुणालाही न विचारता, ते जेवायला लागले.